रायफल नवी, पण गोळीचे काय?

संरक्षण मंत्रालयाने ३० डिसेंबर २०२५ रोजी सव्वाचार लाखांहून अधिक कार्बाईनच्या खरेदी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. लष्कर आणि नौदलासाठी असलेला हा करार २,७७० कोटी रुपयांचा आहे. पुण्याची भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टिम्स या दोन कंपन्या ही शस्त्रे पुरविणार आहेत. जुन्या स्टर्लिंग कार्बाईनला पर्याय शोधण्याचे काम अनेक वर्षे रेंगाळले होते. ते मार्गी लागल्याचे समाधान सर्वत्र व्यक्त झाले आणि ते योग्यच आहे. मात्र शस्त्रखरेदीच्या प्रत्येक बातमीप्रमाणे याही वेळी चर्चा झाली ती किंमत, संख्या आणि स्वदेशी बनावटीची. या शस्त्रांत जी गोळी भरली जाईल ती कोण बनविणार, तिच्यात कोणती दारू असणार आणि त्या दारूवर हे शस्त्र उणे चाळीस अंशांत आणि पन्नास अंशांत सारखेच चालते काय, हे प्रश्न फारसे कोणी विचारले नाहीत.

हे प्रश्न केवळ तंत्रज्ञांचे नाहीत. गेल्या साठ वर्षांत रायफल ऐन वेळी बंद पडून सैनिक मारले गेल्याच्या ज्या मोठ्या घटना जगासमोर आल्या, त्यांपैकी सर्वात गाजलेल्या प्रकरणाचे मूळ रायफल एका ठिकाणी आणि काडतूस दुसऱ्या ठिकाणी ठरविण्याच्या पद्धतीत होते. भारतीय लष्कराकडे आज तीन वेगवेगळ्या काडतुसांवर चालणाऱ्या रायफली आहेत. त्यामुळे तो धडा पुन्हा तपासून पाहण्याची हीच वेळ आहे.

एका क्षणाचे गणित

अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी नळीत चढविण्याचे काम रायफल स्वतःच करते. त्यासाठी लागणारी शक्ती त्या सुटलेल्या गोळीकडूनच मिळते. काडतुसातील दारू पेटली की तयार होणारा वायू गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीतील एका छोट्या छिद्रापुढे गेली की त्यातला थोडा वायू त्या छिद्रातून बाहेर येतो आणि दट्ट्याला मागे लोटतो. दट्ट्या बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे ढकलते आणि मॅगझिनमधील नवी गोळी आत जाते. डोळ्यांचे पाते लवण्याच्या आत हे सारे घडते.

वायूचा जोर कमी पडला तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही. पुंगळी अर्धवट अडकते किंवा नवी गोळी उचललीच जात नाही. जोर जास्त झाला तर बोल्ट फार लवकर आणि फार वेगाने मागे येतो. पुंगळीची कड फाटते, मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढची गोळी वर आणण्यास वेळ मिळत नाही आणि सुटे भाग लवकर झिजतात. दोन्ही प्रकारांत सैनिकाच्या हाती उरते ती न चालणारी रायफल.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. काडतुसाचे बाहेरचे माप सारखे असले म्हणजे आतली दारूही सारखी असते असे नाही. एखादी दारू झटकन जळते, एखादी सावकाश. दोन्हींनी गोळीला सारखाच वेग दिला तरी नळीतील त्या छिद्रापाशी वायूचा दाब वेगळा असू शकतो, आणि रायफलीला महत्त्व आहे ते त्या दाबाचे. थंडीत दारू मंद जळते, वंगण घट्ट होते. उन्हाळ्यात तापलेल्या पेटीतील तेच काडतूस अधिक दाब निर्माण करते. सियाचीन आणि थरचे वाळवंट या दोन्ही ठिकाणी लढावे लागणाऱ्या लष्करासाठी हा फरक किरकोळ नाही.

यावर रचनाकारांनी दोन मार्ग काढले. पहिला मार्ग वायूचे प्रमाण कमी-जास्त करणाऱ्या गॅस रेग्युलेटरचा. आपल्या पोलिसांच्या आणि जुन्या सैनिकांच्या परिचयाच्या एसएलआर रायफलीत तो आहे. पुंगळी नीट फेकली जाईल इतकाच वायू दट्ट्याला मिळावा, अशा बेताने तो लावायचा आणि रायफल मळली किंवा हवामान बदलले की त्यात फेरफार करायचा, हे सैनिकाला शिकविले जाते. दुसरा मार्ग एके रायफलीचा. तिच्यात मुळातच गरजेपेक्षा अधिक वायू घेतला जातो आणि भागांमध्ये मोकळी जागा ठेवलेली असते. त्यामुळे चिखल, धूळ आणि कमी-अधिक प्रतीचे काडतूस ती पचवते. त्याची किंमत धक्का आणि अचूकता यांच्या रूपाने मोजावी लागते. मात्र या दोन्ही मार्गांना मर्यादा आहेत. कोणतीही रायफल कोणत्याही दारूवर चालत नाही.

व्हिएतनामचा धडा

या मर्यादेचा विसर पडला तर काय होते, हे अमेरिकेने व्हिएतनाममध्ये पाहिले. युजीन स्टोनर यांनी रचलेली एआर-१५ ही रायफल ड्यूपाँ कंपनीच्या आयएमआर नावाच्या दारूवर विकसित झाली होती. पुढे तीच एम-१६ म्हणून सैन्यात आली. परंतु ती दारू वापरून ठरलेला वेग आणि दाबाची मर्यादा यांचा मेळ मोठ्या उत्पादनात बसविणे जड जाऊ लागले. तेव्हा १९६४ मध्ये लष्कराने ऑलिन मॅथिसन कंपनीच्या बॉल पावडरला मान्यता दिली. ही दारू छिद्रापाशी अधिक दाब निर्माण करीत होती. त्यामुळे रायफलीचा गोळ्या झाडण्याचा वेग वाढला, भागांवर ताण आला आणि आत काजळी साचू लागली. स्टोनर यांचे मत विचारले गेले ते निर्णय जवळपास झाल्यावर.

यातील सर्वात धक्कादायक भाग पुढचा आहे. नव्या दारूवर रायफल ठरलेल्या वेगमर्यादेत बसेना, तेव्हा कोल्ट कंपनीला कारखान्यातील स्वीकृती चाचणी जुन्या दारूच्या काडतुसांवर घेण्याची मुभा देण्यात आली. म्हणजे रायफल उत्तीर्ण होत होती एका गोळीवर, आणि सैनिकाच्या हाती जात होती दुसऱ्या गोळीसह. त्यातच नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या भागाला क्रोमचा मुलामा नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत तेथे गंज चढून पुंगळ्या घट्ट बसू लागल्या. ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरला होता आणि सफाईचे साहित्यही पुरेसे पोहोचले नव्हते. १९६६ आणि १९६७ मध्ये अडकलेली पुंगळी गजाने काढण्याच्या प्रयत्नात असताना मारल्या गेलेल्या जवानांच्या कहाण्या पत्रांतून अमेरिकेत पोहोचू लागल्या.

अखेर प्रतिनिधीगृहाचे सदस्य रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली गेली. ऑक्टोबर १९६७ मधील तिच्या अहवालाने दारू बदलण्याच्या निर्णयावर आणि तो हाताळण्याच्या पद्धतीवर अत्यंत कठोर ताशेरे ओढले. याच सुमारास क्रोमचा मुलामा, नवा बफर, सफाईचे साहित्य आणि प्रशिक्षण आले. सुधारलेली एम-१६ए१ पुढे विश्वासार्ह ठरली आणि तिच्या वंशातील रायफली आजही वापरात आहेत. म्हणजे रायफल मुळात वाईट नव्हती आणि ती दारूही निरुपयोगी नव्हती. त्या दोहोंची एकत्र परीक्षा कोणी घेतली नव्हती.

पुण्यात रचलेली इन्सास

आपल्याकडील अनुभव वेगळ्या स्वरूपाचा, पण त्याच जातीचा आहे. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान पॉइंट ३०३ रायफली घेऊन लढले. त्यानंतर ७.६२ बाय ५१ मि.मी. काडतुसाची एसएलआर इशापूरच्या कारखान्यात बनू लागली. ती दणकट होती, पण जड होती. १९८० च्या दशकात हलक्या ५.५६ बाय ४५ मि.मी. काडतुसाकडे वळण्याचा निर्णय झाला आणि पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने, म्हणजे एआरडीईने, इन्सास रायफल विकसित केली. १९९८ च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात ती जनतेने पाहिली.

परंतु रायफल तयार असताना तिचे काडतूस देशात पुरेशा प्रमाणात तयार नव्हते. सैन्यात तिचा प्रवेश त्यामुळे लांबला आणि मोठ्या प्रमाणात काडतुसे इस्रायलकडून आणावी लागली. रायफल आणि काडतूस यांचे नियोजन दोन वेगळ्या वेळापत्रकांवर चालले तर काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

पुढे १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या आणि रायफल अडकल्याच्या तक्रारी आल्या. ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळमधील कालिकोट जिल्ह्यात पिली येथे माओवाद्यांच्या हल्ल्यात ४३ नेपाळी सैनिक ठार झाले. त्यानंतर नेपाळी लष्कराने भारताने पुरविलेल्या इन्सासकडे बोट दाखविले, तर भारताने वापर आणि देखभालीतील त्रुटींकडे. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तत्कालीन महासंचालकांनीच ही रायफल एकेच्या तुलनेत अधिक वेळा अडकते असे म्हटले. २०१५ मध्ये नक्षलग्रस्त भागातील काही तुकड्यांना तिच्याऐवजी एके-४७ देण्यात आल्या. इन्सासमध्ये कालांतराने सुधारणा झाल्या आणि अनेक तुकड्यांनी तिच्यावर समाधानही व्यक्त केले, हे नोंदविले पाहिजे. तथापि दोष रायफलीचा, मॅगझिनचा, काडतुसाचा की देखभालीचा, याचा लोकांसमोर मांडलेला, आकडेवारीसह सिद्ध केलेला निष्कर्ष कधी आला नाही. प्रत्येक घटकाची जबाबदारी वेगळ्या कार्यालयाकडे असल्यावर तो यावा तरी कसा?

एक रायफल, दोन गोळ्या

नोव्हेंबर २०११ मध्ये लष्कराने या कोंडीवर एक धाडसी तोडगा शोधला. नळी आणि काही भाग बदलून ५.५६ बाय ४५ आणि ७.६२ बाय ३९ अशी दोन्ही काडतुसे झाडू शकेल अशा सुमारे ६६ हजार रायफलींची निविदा निघाली. पारंपरिक युद्धासाठी एक गोळी आणि दहशतवादविरोधी मोहिमांसाठी दुसरी, ही कल्पना कागदावर आकर्षक होती. प्रत्यक्षात दोन वेगळ्या लांबीच्या, वेगळ्या आकाराच्या आणि वेगळ्या दाबाच्या काडतुसांसाठी एकच यंत्रणा सारख्याच भरवशाची करणे अत्यंत अवघड असते. नळीबरोबर बोल्ट, मॅगझिन आणि वायूचे प्रमाण हे सारेच बदलावे लागते. नामवंत परदेशी कंपन्या स्पर्धेत उतरल्या, चाचण्या लांबल्या आणि २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. चार वर्षे वाया गेली.

त्यानंतर लष्कराचा कल पुन्हा मोठ्या गोळीकडे झुकला. इशापूर कारखान्याने सादर केलेली ७.६२ बाय ५१ ची रायफल २०१७ मध्ये चाचण्यांत नाकारली गेली. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून ७२,४०० सिग ७१६ रायफली घेण्याचा करार झाला. त्या दाखल झाल्यावर देशी बनावटीच्या काडतुसांबरोबर त्यांना अडचणी येत असल्याच्या बातम्या प्रसारमाध्यमांत आल्या. दुसऱ्या खेपेचा प्रस्ताव काही काळ मागे पडला. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३ हजार रायफलींची ८३७ कोटी रुपयांची मागणी नोंदविण्यात आली. एसएलआरसाठी आपण अनेक दशके बनवीत आलो तेच ७.६२ बाय ५१ काडतूस नव्या रायफलीलाही चालेल, हा हिशेब मापापुरता बरोबर होता. पण माप हा अर्धाच हिशेब असतो.

दरम्यान डिसेंबर २०२१ मध्ये रशियाबरोबर ६,०१,४२७ एके-२०३ रायफलींचा करार झाला. त्यांचे उत्पादन अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे होते आणि जुलै २०२४ पर्यंत ३५ हजार रायफली लष्कराला मिळाल्या होत्या. एके-२०३ चे काडतूस ७.६२ बाय ३९ आहे. सिग ७१६ चे ७.६२ बाय ५१ आहे. पहिला आकडा सारखा दिसला तरी दुसरा आकडा पुंगळीची लांबी सांगतो आणि एकाचे काडतूस दुसऱ्यात बसतही नाही. इस्रायलकडून घेतलेल्या १६,४७९ नेगेव्ह मशीनगनही ७.६२ बाय ५१ च्या आहेत. इन्सास आणि नव्या कार्बाईन ५.५६ बाय ४५ च्या. अशा प्रकारे एकाच लष्कराच्या पायदळाला आज तीन काडतुसांचा पुरवठा सांभाळावा लागतो.

यामागे तर्क आहे. पर्वतीय सीमेवर लांब पल्ल्याची गोळी हवी, जवळच्या चकमकीत हलके आणि आटोपशीर शस्त्र हवे, ही लष्कराची गरज खरी आहे आणि अनेक देशांची सैन्ये एकाहून अधिक काडतुसे वापरतात. परंतु तीन काडतुसे आणि त्यांचे अनेक उत्पादक, म्हणजे रायफल आणि दारू यांच्या तपासावयाच्या जोड्याही तितक्या पटीने वाढतात. हा भार उचलण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

जबाबदारी दोन दारांत

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. इन्सास पुण्यात रचली गेली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसे बनवीत आला आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यातून लहान शस्त्रांची काडतुसे बाहेर पडतात आणि भंडाऱ्याच्या कारखान्यात प्रणोदक दारू तयार होते. हे काम किती जोखमीचे आहे, याची आठवण २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्यातील स्फोटाने करून दिली. त्यात आठ कामगारांचा बळी गेला.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. काडतुसे आणि दारूचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले, तर रायफलींचे कारखाने कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे. जुन्या मंडळाच्या कारभारावर पुष्कळ टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. पण निदान रायफल आणि काडतूस एका छताखाली होते. आता त्या दोन स्वतंत्र कंपन्यांच्या दोन ताळेबंदांतील वस्तू आहेत. त्यात खासगी उत्पादकांची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कानपूर येथे अदानी समूहाच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. वर्षाला १५ कोटी काडतुसे बनविण्याची क्षमता कंपनीने सांगितली आहे. स्पर्धेमुळे दर्जा सुधारेल ही अपेक्षा रास्त आहे. मात्र रायफल अडकली तर रायफल कंपनी काडतुसाकडे आणि काडतूस कंपनी रायफलीकडे बोट दाखवील, हा धोकाही तितकाच खरा आहे.

नाटो राष्ट्रांनी यावर फार पूर्वी उपाय शोधला. त्यांच्या काडतूस चाचणीत गोळीचा वेग आणि नळीतील कमाल दाब यांबरोबर वायूच्या छिद्रापाशी मिळणारा दाबही मोजला जातो. या कसोटीला उतरलेल्या काडतुसाच्या बुडावर वर्तुळातील अधिकचे चिन्ह असते, म्हणजे एका देशाचे काडतूस दुसऱ्या देशाच्या रायफलीत वापरता येते. अमेरिकेने तर एप्रिल २०२२ मध्ये नव्या ६.८ मि.मी. रायफलीची निवड करताना रायफल, मशीनगन आणि काडतूस यांचा प्रस्ताव एकत्रच मागविला आणि तिन्हींचे काम एकाच कंपनीला दिले. ती रायफल जड असल्याची टीका तेथे होते. पण व्हिएतनामचा तो विशिष्ट धडा त्यांनी विसरलेला नाही, एवढे त्यावरून दिसते.

उतरंडीचे शेवटचे टोक

लष्कराने टाकलेले शस्त्र आपल्याकडे पोलिसांच्या हाती जाते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एकेधारी दहशतवाद्यांसमोर उभ्या राहिलेल्या पोलिसांपैकी काहींच्या हाती पॉइंट ३०३ होत्या. त्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने काडतुसांची टंचाई आणि त्यामुळे खंडित झालेला गोळीबाराचा सराव यांची नोंद घेतली होती. रायफल बदलण्याची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. काडतुसांची मात्र त्या मानाने झाली नाही. आता लष्करातून इन्सास बाहेर पडू लागतील, तसतशा त्या पोलीस ठाण्यांच्या शस्त्रागारात अधिक संख्येने येतील. त्यांच्याबरोबर कोणत्या प्रतीची, किती जुनी काडतुसे येतील आणि गॅस रेग्युलेटर कसा लावायचा हे शिकण्यासाठी शिपायाला वर्षातून किती गोळ्या मिळतील, याचे उत्तर राज्याच्या गृहखात्यानेही तयार ठेवले पाहिजे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. रायफलीची स्वीकृती चाचणी ती प्रत्यक्षात ज्या काडतुसावर चालणार आहे त्याच काडतुसावर, सर्व उत्पादकांच्या वेगवेगळ्या खेपांवर आणि दोन्ही टोकांच्या तापमानांत झाली पाहिजे. दारूचा प्रकार किंवा पुरवठादार बदलला की त्या काडतुसावर चालणाऱ्या प्रत्येक रायफलीची चाचणी पुन्हा घेण्याचे बंधन हवे. रायफल अडकल्याच्या प्रत्येक घटनेबरोबर काडतुसाच्या खेपेचा क्रमांक नोंदविला गेला तर दोष कोठे आहे हे वादाने नव्हे, आकड्यांनी ठरेल. आणि या जोडीच्या भरवशाची जबाबदारी एकाच अधिकारसंस्थेकडे असली पाहिजे. संरक्षण मंत्रालयाकडे गुणवत्ता महासंचालनालय आहे. त्याला हे काम आणि त्यासाठीचे अधिकार देता येतील.

नव्या कार्बाईनच्या बाबतीत ही संधी अजून हातची गेलेली नाही. करार नुकताच झाला आहे आणि सव्वाचार लाख शस्त्रे तयार होण्यास अवधी आहे. त्या अवधीत देशी ५.५६ काडतुसांच्या प्रत्येक प्रकारावर ही शस्त्रे कसोटीला लावली आणि निष्कर्ष संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर ठेवले, तर इन्सासच्या वेळी राहून गेलेले काम या वेळी वेळेवर होईल. ते झाले नाही, तर त्याचा निकाल कोणत्या तरी चौकीवर, कोणत्या तरी जवानाने दुसऱ्यांदा चाप ओढल्यावर लागेल. तेव्हा दोष कोणाचा, हे ठरविण्यास त्याच्याकडे वेळ नसेल.